‘मीथिंक्स’मधला ‘मी’ कोण?

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राणीच्या तोंडी ‘मीथिंक्स’ हे क्रियापद येते. कोशात त्याचा अर्थ ‘मला वाटते’ असा आहे. मग सरळ ‘आय थिंक’ न म्हणता सुरुवातीला ‘मी’ आणि शेवटी ‘स’ कशासाठी? ही कवितेतली मोकळीक समजावी काय?
– एक वाचक

उत्तर : ही मोकळीक नव्हे. व्याकरणाच्या दृष्टीने हे रूप अगदी चोख आहे, आणि ते मराठी वाचकाला इंग्रजांपेक्षाही लवकर उमगावे असे आहे. जुन्या इंग्रजीत दोन निरनिराळी क्रियापदे होती : ‘थेन्चन’ म्हणजे विचार करणे आणि ‘थ्युन्चन’ म्हणजे वाटणे, भासणे. दोन्हींचे मूळ एकच. पण पहिल्याचा कर्ता माणूस असे, तर दुसऱ्यात माणूस चतुर्थीत जाई. म्हणून ‘मीथिंक्स’मधला ‘मी’ उच्चाराने आपल्या ‘मी’सारखा असला, तरी अर्थाने तो ‘मला’ आहे, आणि ‘स’ हा तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय आहे.

राजा आल्फ्रेड (राज्यकाळ इ. स. 871 ते 899) याने पोप ग्रेगरीच्या धर्मगुरूंसाठीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत तो आपल्या बिशपला लिहितो, की म्हणून मला हे अधिक बरे वाटते, तुम्हालाही तसे वाटत असेल तर. मूळ वाक्यातही ‘मला’ आणि ‘तुम्हाला’ अशी चतुर्थीच आहे. अकराशे वर्षांपूर्वीचे ते वाक्य मराठीत विभक्तीसकट जसेच्या तसे उतरते, याचे मला फार अप्रूप वाटते.

पुढे उच्चार बदलत गेले तशी ही दोन्ही क्रियापदे एकमेकांत मिसळून ‘थिंक’ हे एकच रूप उरले. विभक्तिप्रत्यय झिजले, वाक्याच्या आरंभी कर्ता हवाच अशी सवय भाषेला जडली, आणि ‘आय थिंक’ने दोन्ही अर्थ आपल्याकडे घेतले. तरीही 1611 च्या बायबलमध्ये, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, पहारेकरी ‘मी थिंकेथ’ असे दोन सुटे शब्द उच्चारतो. भूतकाळी रूप ‘मीथॉट’ असे होते. ‘लाइक’ या नेहमीच्या क्रियापदाचीही हीच कथा आहे : त्याचा मूळ अर्थ ‘आवडून घेणे’ नसून ‘रुचणे’ असा होता, आणि ज्याला रुचले तो माणूस तिथेही चतुर्थीतच असे.