सुट्टीतली उड्डाणं

चि. फर्स्ट ऑफिसरसाहेब (म्हणजे आमचे सहवैमानिक),
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आठवड्याच्या सुट्टीत पुण्याहून बारामतीला जायचं, फ्लाइंग स्कूलच्या मुलांना शिकवायचं, तासावर पैसे घ्यायचे आणि कर्जाचा हप्ता हलका करायचा. इन्स्ट्रक्टर रेटिंग, म्हणजे उड्डाण शिकवायचा परवाना, आहेच, ते उगाच का गंजू द्यायचं, हा प्रश्न रास्त आहे. तरी माझं उत्तर 'नको' असंच आहे.

आधी तुझ्या विमान कंपनीचं ॲग्रीमेंट काढ. लेखी परवानगीशिवाय बाहेर काम करायला सहसा मनाई असते. 'कोणाला कळतंय?' म्हणणारे भेटतील. ई-लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या ऑनलाइन नोंदवहीत, तास चढले की कळणारच, आणि चढवलेच नाहीत तर काही झाल्यावर विमा कंपनी आधी तेच उकरून काढेल. आमच्या वेळी काही महाभाग न उडवलेले तास लिहायचे. त्यांना 'पार्कर पेन'चे तास म्हणत. तू उडवलेले लपवणार, एवढंच.

पण कलमं राहू देत. आठवड्याची 48 तासांची विश्रांती 2025च्या जुलैपासून मिळू लागली, त्याआधी ती 36 तास होती. त्यासाठी वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. कंपन्यांची कुरकुर चालूच होती, नोव्हेंबरात ड्युटी-विश्रांतीच्या या नियमांचा दुसरा टप्पा आला आणि डिसेंबरात हजारो उड्डाणं रद्द झालेली तू पाहिलीस. त्या 48 तासांत दोन रात्री घरच्या बिछान्यावर मिळाव्यात, हा त्यातला मुद्दा. एवढं भांडून मिळालेलं तू तासाच्या दराने विकायला निघालायस!

365 दिवसांत 1000 तास उड्डाणाची मर्यादा अजून लांब आहे, म्हणशील. असेल. पण रात्री 2 ते पहाटे 6 या वेळात सलग दोन दिवस सेक्टर, म्हणजे उड्डाणं, केल्यावर डोकं किती चालतं, ते तू जाणतोस.

आता सेसनात, त्या शिकाऊंच्या छोट्या विमानात, बस. आपली एअरबस उतरताना वीस फुटांवर 'रिटार्ड', म्हणजे थ्रॉटल मागे घे, म्हणून हाक मारते. तिथे हाक मारणारं कोणी नाही. शिवाय तुझ्या डोळ्यांना सवय तीस फुटांवर फ्लेअर करायची, म्हणजे टेकण्याआधी नाक जरा उचलायची. शेजारचा पोरगा घाबरून उंचावरच नाक ओढतो, स्पीड पडतो, विमान दहा फुटांवर तरंगत राहतं. तिथे लगेच थ्रॉटल पुढे गेला पाहिजे. झोप झालेला इन्स्ट्रक्टर ते सहज करतो. न झालेला 'बघू, करेल तो' म्हणत क्षणभर थांबतो, आणि नोजव्हील आधी टेकतं. एअरबसमध्ये पाय आळसावलेले असतात, पायाने चालवायचा रडर आठवायलाही वेळ लागतो, ते वेगळंच.

शिकवायची हौस असेल तर मुलांकडून डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक नियामकाच्या, वैमानिक परीक्षांची तयारी करून घे. नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजीला कायम विद्यार्थी असतात. ग्राउंड क्लास घरून, ऑनलाइन घेता येतो. त्यालाही कंपनीची एनओसी मागच, आणि पहाटेचं रिपोर्टिंग असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी क्लास ठेवू नकोस. पुढे कमांड मिळून कॅप्टन झाल्यावर कंपनीतच ट्रेनिंगला जाता येईल. ते पैसे चांगले असतात, आणि तास रोस्टरमध्येच मोजले जातात.

उरला हप्ता. मुदत वाढवून घेता येते का, बँकेत विचारलंस का? बहुतेक जण विचारतच नाहीत. कर्जाचे कागद मला पाठव, रविवारी बसून बघू.

तुझा,
काका

ता. क. : बारामतीवाल्यांना 'विचार करून सांगतो' म्हणू नकोस, सरळ नाही सांग.