संक्रांत, पानिपत आणि पहाटेची मुक्कामी गाडी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्याख्यानाची वही परवा एका बैठकीत वाचून काढली. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, त्यामुळे समास जरा काळे झालेत, रागावू नकोस. ‘आपले पराक्रम, आपली प्रगती’. अर्धं व्याख्यान लढायांचं, अर्धं रेल्वे-बस-रस्त्यांचं. भाषा तुझी चांगली आहे, आवाज खणखणीत आहे, टाळ्या पडणार यात शंका नाही. मला काळजी त्या टाळ्यांचीच आहे. ज्या वाक्यावर एकदा टाळी पडते ते पुन्हा तपासायला माणूस धजत नाही. माझंच सांगतोय.

पहिल्याच पानावर तू लिहिलंस, ‘१४ जानेवारी १७६१, ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली.’ हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, दोन-तीनदा मंचावर बोललोही आहे. पण तू सोलापुरात शिकतेस, संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा बघितलायस. होम मैदानावर म्हातारी माणसं वाद घालत असतात ना, यंदा संक्रांत चौदाला की पंधराला? संक्रांत तारखेला बांधलेली नाही. सूर्य मकरेत शिरतो ती वेळ म्हणजे संक्रांत, आणि आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पडताळा हवा तर विवेकानंदांचा जन्म घे. १२ जानेवारी १८६३, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. मग त्याच्या शंभर वर्षं आधी संक्रांत चौदाला कशी असेल? दहाच्या आसपास येऊन गेलेली. पानिपताच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, वार बुधवार.

आणि तसंही त्या छावणीत तीळ कुठला अन् गूळ कुठला! तू भाऊसाहेबांचा आवेश लिहिलास, विश्वासरावांना लागलेली गोळी लिहिलीस, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तर दीड पान. लष्कर काय खात होतं यावर एक ओळ नाही. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला आणि आपल्या लोकांची दिल्लीची वाट तुटली. आमच्या स्टँडच्या भाषेत, रूट बंद पडला. पुढचे अडीच महिने लष्कर, बाजारबुणगे, तीर्थयात्रेला म्हणून बरोबर निघालेली माणसं, बायकापोरं, सगळी एका जागी. खाणारी तोंडं तेवढीच, येणारा दाणा रोज कमी. अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, राहून रसदेची जुळवाजुळव करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. चौदा तारखेला मराठे बाहेर पडले ते उपाशी पोटी, आणि घोड्यांनाही पोटभर वैरण मिळालेली नव्हती. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं, यावर आपल्याकडे रात्र रात्र गप्पा होतात. गहू वेळेवर पोचला असता तर काय झालं असतं, हे विचारणारा मला स्टँडवर तरी कुणी भेटला नाही.

त्यातून तो शब्दप्रयोग. निवडणुकीत पडला, पानिपत झालं. धंदा बुडाला, पानिपत झालं. म्हणजे सगळं संपलं. घराघरातला कर्ता माणूस गेला हे खरंच आहे, ते हलकं करू नकोस. पण अडीच वर्षांत, ऑगस्ट १७६३ मध्ये, राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. १७७१ मध्ये मराठे परत दिल्लीत होते, आणि पुढच्या जानेवारीत शाह आलम बादशहा दिल्लीत आला तो महादजी शिंद्यांच्या बळावर. तुझ्या वहीत पानिपतानंतर एकदम शनिवारवाड्यावरचं इंग्रजी निशाण येतं, की संपलं राज्य. निशाण लागलं नोव्हेंबर १८१७ मध्ये. त्यानंतर बापू गोखले पडले ते आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला, फेब्रुवारी १८१८. आणि मे महिन्यात इंग्रजांच्या मन्रोने सोलापूरचा भुईकोट घेतला. दुसरा बाजीराव त्यानंतर शरण आला. ज्या किल्ल्याच्या बागेत तुम्ही पोरं फोटो काढत बसता तिथेच या राज्याची जवळजवळ शेवटची लढाई झाली, आणि सोलापुरात होणाऱ्या व्याख्यानात सोलापूर एकदाच येतं, तेही ‘आपलं लाडकं सोलापूर’ म्हणून!

पान चारवर लाल खूण आहे. ‘भारताने इतिहासात कधीही कुणावर आक्रमण केलेले नाही.’ इथे टाळी हमखास. पण १०२५ च्या सुमारास राजेंद्र चोळाचं आरमार समुद्र ओलांडून श्रीविजयावर, म्हणजे सुमात्रा-मलायाकडे, चालून गेलं होतं. ते लांबचं वाटत असेल तर घरचं घे. १७४२ पासून दहाएक वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. बारगीर हा आपला शब्द, तिकडे त्याचा ‘बर्गी’ झाला, आणि बंगाली अंगाईत तो बर्गी अजून आहे. पोराला निजवायला आई आपल्या घोडेस्वारांची भीती घालते. आता तू म्हणशील, तेव्हा बंगाल काय आणि नागपूर काय, सगळा भारतच. मग ज्या बाईचं धान्य लुटलं गेलं तिला ते कसं वाटलं असेल, एवढंच बघ. हे मंचावर म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी तुझ्या वयाचा असताना म्हणायला घाबरलो असतो.

आता उरलेली निम्मी वही. ‘एसटी तोट्यात आहे, कारण ती रिकाम्या गाड्या पळवते.’ माझा जन्म स्टँडवर गेला हे माहीत असून तू हे मलाच वाचायला दिलंस, याचं कौतुक वाटलं. कारण हेच वाक्य मी स्वतः लिहिलं होतं. कागदावर, सहीनिशी.

नवा नवा वाहतूक नियंत्रक झालो होतो. अक्कलकोटच्या पलीकडे जाणारी एक मुक्कामी गाडी होती, रात्री गावात थांबायची, पहाटे परत. मी वेबिलं, म्हणजे वाहकाचे तिकिटांच्या हिशेबाचे कागद, चाळली. वसुली अगदी दरिद्री. शेरा मारला, ‘भारमान नाही, फेरी बंद करावी.’ भारमान म्हणजे गाडी किती भरते ते. त्या गाडीवर एक वयस्कर वाहक होते, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. त्यांनी कागद वाचला, चार घड्या केल्या, माझ्याच खिशात ठेवला आणि म्हणाले, साहेब, एक रात्र चला माझ्यासंगट.

गेलो. देवळाच्या ओट्यावर झोपलो, डासांनी झोपू दिलं तेवढं. पहाटे साडेपाचला गाडी हलली तेव्हा आत आम्हाला सोडून तिघं. मी वाहकांकडे बघितलं, ते ट्रेमधली तिकिटं सारखी करत बसले होते. पहिल्या फाट्यावर दह्याची मडकी घेऊन दोन बाया चढल्या. मडक्यांच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, आणि शेजारी जागा रिकामी असून मडकं मांडीवर, कारण खड्डा आला की सीटवर ते लवंडतं. दुसऱ्या फाट्यावर कॉलेजच्या पोरी, अकरा. मी मोजल्या. सगळ्यांच्या हातात पास. पुढे दवाखान्याचे कागद कॅरीबॅगेत घालून एक म्हातारा आणि त्याची सून. मग यंत्रमागावर जाणारी पोरं. शहर यायच्या आत उभं राहायला जागा नव्हती. वेबिलावरचा रोख रकमेचा रकाना तेवढा मी पाहिला होता, आणि पासवाल्या पोरी त्या रकान्यात नसतात. वाहक वाटेत एका शब्दाने काही बोलले नाहीत. स्टँडवर उतरल्यावर फक्त म्हणाले, चहा सांगा साहेब.

कागद मी फाडला, पण तो अजून आठवतो. पानिपतात दाणा न दिसणारी नजर आणि पास न दिसणारी नजर एकच, हे मला तेव्हा नाही कळलं, फार उशिरा कळलं.

तोटा नाहीच असं मी म्हणत नाही. पण तोटा हा शब्द कुठे कुठे वापरतो ते बघ. १ जून १९४८ ला नगर-पुणे पहिली गाडी सुटली आणि पुढे ‘रस्ता तिथे एसटी’ असं ठरलं. तेव्हाच हेही ठरलं की काही रस्त्यांवर पैसे निघणार नाहीत. तिकिटावर वर्षानुवर्षं १७.५ टक्के प्रवासी कर आहे, तो सरकारकडे जातो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा ‘आता बुडाली एसटी’ म्हणणारे माझ्याच कट्ट्यावर होते. उरलेल्या अर्ध्याची भरपाई सरकारने करायची असते, हे त्यांना मला सांगावं लागलं. आणि एक मला सांग, उड्डाणपूल तोट्यात आहे असं वाक्य तू कधी ऐकलंस का?

‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ यातला ‘दिली’ खोड. सोलापूरला जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, गाडी आली १८६० मध्ये. त्या कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्क्यांची हमी होती. कमाई कमी पडली तर भर हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे तुझ्या माझ्या खापरपणजोबांच्या सारावसुलीतून. पण त्याच्या उलटं वाक्यही, की रेल्वे निव्वळ लुटीसाठीच होती, मला अर्धवट वाटतं. तुमच्या बार्शीचीच गाडी घे. अडीच फुटी रूळ, १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत, १९०६ मध्ये पंढरपूरला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने डोकं असं लढवलं की इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये. मग हलके रूळ चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. त्या गाडीला कापूस हवा होता, आणि वारकरी हवे होते. आषाढीला टाळ-मृदंगासकट डब्यात कोंबून बसलेली माणसं. कुणाची रेल्वे, कुणाच्या पैशावर, हे लंडनच्या कचेरीत बसून जेवढं दिसतं तेवढंच पंढरपूरच्या फलाटावरून दिसतं.

हाच कॅल्थ्रॉप पुढे पॅराशूटच्या नादी लागला, हे तुझ्या मैत्रिणींना सांग, त्यांना आवडेल. त्याचं पॅराशूट पहिल्या महायुद्धात हेर उतरवायला वापरलं. इंग्रज वैमानिकांना मात्र युद्ध संपत येईपर्यंत पॅराशूट मिळालं नाही.

पहिलं महायुद्ध म्हटलं आणि आठवलं, ते तुझ्या वहीत नाहीच. ‘ते आपलं युद्ध नव्हतं’ म्हणून असेल. दहा लाखांवर हिंदी माणसं त्यात समुद्रापार गेली, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतला वेढ्यात अडकली ती सहावी पूना डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, १४७ दिवस. शौर्य कमी पडलं नाही. तैग्रीस नदीवर आगबोटी पुरेशा नव्हत्या, बसऱ्याला माल उतरवायला धक्के नव्हते, जहाजं आठवडेच्या आठवडे ताटकळायची. सोडवायला निघालेली फौज धडका देत राहिली. आत शेवटी घोडी कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातले कितीतरी शिपाई धर्मासाठी तेही खाईनात. १९१७ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला, त्यात वाहतुकीच्या हलगर्जीपणावर ताशेरे आहेत. पानिपताची गोष्ट, फक्त घोड्याच्या जागी बोट.

शेवटचं पान वंदे भारतचं. असू दे. १० फेब्रुवारी २०२३ ला ती सुरू झाली, मीही नंतर हौसेनं मुंबईला जाऊन आलो, झ्याक गाडी आहे. पण ती सकाळी सहाच्या सुमाराला सुटते. कुंभारीला विडी कामगारांची हजारो घरं झालीत, तिथल्या माणसाने पाच वाजता निघून स्टेशन कशाने गाठायचं, एवढी एक ओळ त्या पानात घाल. उत्तर माहीत नसेल तर जाऊन ये. पुढच्या आठवड्यात सोलापूरला आलीस की एका सकाळी अशोक चौकात तासभर उभी राहा. सिटी बस किती येतात, शेअर रिक्षात किती माणसं कोंबतात, बायका कुठल्या थांब्यावर जास्त असतात, वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत जा. कुणी विचारलं तर जनगणना म्हण, आम्ही असंच सांगायचो.

वही उद्या सकाळच्या बार्शी गाडीने पाठवतोय, वाहकाला तुझं नाव सांगितलंय, स्टँडवर जाऊन घे आणि त्याला पाणी विचार. आजीला माझा नमस्कार सांग. लहानपणी त्या छोट्या गाडीने पंढरपूरला जाताना घरून काय बांधून घ्यायच्या, आणि ते परत येईपर्यंत पुरायचं का, एवढं विचारून ठेव.

काका