जातिवंत मांजराचे पिल्लू घेताना : वाचकांचे प्रश्न

पर्शियन किंवा तत्सम जातिवंत पिल्लू घेण्याविषयी येणाऱ्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे पिल्लू घरी आणून झाल्यावर लिहिलेली असतात. तेच ते गोंधळ पुन्हा पुन्हा समोर येत असल्यामुळे निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

नर घ्यावा की मादी?

कोणतेही घ्या, नसबंदी दोघांचीही करायचीच आहे, ती केव्हा ते आपल्या पशुवैद्यकाला विचारा.

'ट्रिपल कोट' असल्याचे सांगून विक्रेता दुप्पट किंमत मागतो. ती योग्य आहे का?

नाही. पर्शियनला आतली मऊ लव आणि वरचे लांब केस असतात. तिसरा थर फक्त जाहिरातीत उगवतो.

पिल्लू पाच आठवड्यांचे आहे. विक्रेता म्हणतो, 'आत्ताच न्या, लवकर लळा लागेल. लसही झाली आहे, खासगी बसने पाठवतो.' अ‍ॅडव्हान्स द्यावा का?

एक रुपयाही देऊ नका. माणसांची सवय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात लागते हे खरे, पण ती ब्रीडरने, म्हणजे पैदास करणाऱ्याने, आईजवळ ठेवूनच लावायची असते. किती जोराने चावायचे नाही, हे पिल्लू आई आणि भावंडांकडूनच शिकते.

त्याहून गंभीर मुद्दा लसीचा आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरू लागतात आणि मध्ये असा काळ येतो की, ती रोग रोखायला अपुरी, पण लसीचा परिणाम अडवायला पुरेशी असतात. म्हणूनच पॅनल्यूकोपेनिया (पिल्लांना अनेकदा जीवघेणा ठरणारा संसर्ग), हर्पीस आणि कॅलिसी या तीन विषाणूंविरुद्धची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. पाचव्या आठवड्यातल्या 'लस झाली आहे' या वाक्यावर विसंबू नका, कार्ड मागवा. त्यावर कुपीवरचे बॅच क्रमांकाचे स्टिकर, तारीख, पशुवैद्यकाची सही आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. माझ्या टेबलावर येणाऱ्या अनेक कार्डांवर यांपैकी फक्त तारखा असतात, त्याही सगळ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या.

एवढ्या लहान पिल्लाची घाई कोणाला असते, हेही समजून घ्या. पॅनल्यूकोपेनियाची लक्षणे लागण झाल्यावर साधारण आठवडाभरात दिसतात, म्हणजे विक्रेत्याकडे लागण झालेले पिल्लू तुमच्या घरी येऊन आजारी पडते, आणि मग फोनवर तुम्हालाच विचारले जाते की, 'काय खायला घातलेत?'

बारा आठवडे पूर्ण होऊ द्या आणि स्वतः जाऊन पिल्लू आईसह पाहा. घरातली दुसरी मांजरे शिंकत असतील, पिल्लाच्या कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ असेल, शेपटीखालचे केस चिकटलेले असतील, किंवा अंगाने हडकुळे असून पोट तेवढे फुगलेले असेल, तर परत फिरा. सगळे ठीक वाटले, तरी दोन दिवसांत आपल्या पशुवैद्यकाकडून तपासून घेण्याची आणि दोष निघाल्यास पिल्लू परत करण्याची अट लेखी घ्या. तोंडी 'गॅरंटी'ला काही अर्थ नाही.

पर्शियन पिल्लाची सोनोग्राफी नॉर्मल आहे, त्यामुळे मूत्रपिंडाच्या जनुकीय चाचणीची गरज नाही, असे ब्रीडर सांगतो.

गरज आहे. पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी होणे, हा विकार पर्शियनमध्ये आनुवंशिक आहे. एका पालकाकडे दोषी जनुकाची एक प्रत असली, तरी सरासरी निम्म्या पिल्लांत तो उतरतो. कोवळ्या वयात गाठी इतक्या बारीक असतात की, सोनोग्राफीत निसटू शकतात. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी होते. दोन्ही पालकांचे अहवाल मागा, त्यांवरचा मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) क्रमांक त्याच मांजरांचा आहे का ते पडताळा आणि अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवा.

स्कॉटिश फोल्ड घ्यावे का?

घेऊ नये. कान दुमडणारा कूर्चेचा दोष सांध्यांतही असतो आणि तो वेदनादायक ठरतो.

पिल्लाच्या कानामागे केस गेलेले गोल चट्टे आहेत, मुलीच्या हातावरही एक उठला आहे. विक्रेता म्हणतो, दूध सुटल्यामुळे होते, खोबरेल लावा.

दूध सुटल्याने मुलीच्या हातावर चट्टा उठत नाही. हा बहुधा नायटा आहे, आणि तो मांजराकडून माणसाला होतो. पिल्लाला पशुवैद्यकाकडे आणि मुलीला त्वचारोगतज्ज्ञाकडे आजच न्या. तोपर्यंत पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा, आणि मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम स्वतःहून आणून लावू नका. त्याने खाज थांबते, बुरशी पसरते.

महिन्यापूर्वी आमचे पिल्लू पॅनल्यूकोपेनियाने गेले. दुसरे केव्हा आणावे?

हा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो. फिनाइलवर भरवसा ठेवू नका, शिवाय ते मांजरांना विषारी आहे. फरशी आधी साबणाने धुऊन मग पाण्यात मिसळलेले ब्लीच दहा मिनिटे राहू द्या. प्रमाण बाटलीवरील तीव्रतेनुसार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. जुनी गादी, शी-शूच्या मातीचा ट्रे आणि खेळणी टाकून द्या. नवे पिल्लू लसीचा संपूर्ण क्रम ब्रीडरकडेच पूर्ण झाल्यानंतर आणा, आणि तारीख ठरवण्यापूर्वी घरात काय धुतले, काय टाकले याची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा.