फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातल्या चिपवर चालणाऱ्या कोडच्या कामाला लागतोयस, तर एवढं ऐक

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रुजू होण्याआधी स्वतःचा मल्टिमीटर घे. कोडवर संशय घेण्याआधी सप्लायचं व्होल्टेज मोज. एका सुटलेल्या ग्राउंड वायरीने माझे दोन दिवस खाल्ले आहेत.

वेळेचा हिशेब मात्र नीट समजून घे. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. टेबलावर आठवडाभर चाचणी करून हे दिसत नाही. माझा टाकीच्या पंपाचा कंट्रोलर असाच पन्नासाव्या दिवशी अडकला. रखवालदाराचा फोन आला तेव्हा मी चतुर्थीला घरी, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधत होतो. ‘आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेच्या पुढे गेली का’ असं मी कोडमध्ये विचारलं होतं, तिथेच चुकलं. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा कर आणि तो फरक मुदतीशी ताडून बघ. दोन्ही संख्या ३२ बिटांच्या अनसाइन्ड, म्हणजे ऋण चिन्ह नसलेल्या, असल्या की काउंटर फिरला तरी उत्तर बरोबर येतं. चाचणीत काउंटर मुद्दाम कमाल आकड्याच्या जरा अलीकडून सुरू कर, चूक मिनिटभरात समोर येते.

वॉचडॉग म्हणजे कोड अडकून वेळेत रिफ्रेश झाला नाही तर चिप रीसेट करणारा पहारेकरी. त्याला टायमरच्या इंटरप्टमधून, म्हणजे मुख्य काम मध्येच थांबवून ठरावीक वेळाने चालणाऱ्या कोडमधून, रिफ्रेश करू नकोस. मुख्य लूप अडकलं तरी इंटरप्ट चालूच राहतो, मग वॉचडॉग असून उपयोग काय?

एआयकडून ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारा कोड, लिहून घ्यायला माझी हरकत नाही. पण प्रत्येक रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या नियंत्रणाच्या कप्प्याचा, पत्ता चिप बनवणाऱ्याची डेटाशीट उघडून स्वतः पडताळ.

आणि आपली खारी हवा विसरू नकोस. किनाऱ्याजवळ बसवायच्या बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल अडवणारा पातळ लेप, हवंच. खर्च वाढतो म्हणून साहेब नको म्हणतील, तेव्हा पावसाळा काढलेला, पिना हिरव्या पडलेला एखादा जुना बोर्ड त्यांच्या टेबलावर ठेव.