तालुका शाखेची निवडणूक: यादी, मतमोजणी आणि शिक्का

प्रश्न: आमच्या विद्यार्थी संघटनेच्या तालुकाध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आहे. सभासद नोंदणीच्या शेवटच्या संध्याकाळी एका गटानं 140 फॉर्म एकगठ्ठा आणून दिले. वर्गणी एकाच माणसानं भरली म्हणतात. हे सगळे फॉर्म बाद करता येतील का? (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: सरसकट बाद करू नका. त्यांत मनापासून आलेली पोरंपोरीही असणार, आणि ती दुखावली की पुन्हा संघटनेकडे फिरकत नाहीत. पावतीपुस्तकं काढा आणि स्थळप्रती क्रमानं बघा. सलग वीस-पंचवीस पावत्या एकाच अक्षरात, एकाच पेनानं लिहिलेल्या आणि सह्यांचं वळणही सारखं, असा पट्टा सापडला की त्यातल्या प्रत्येकाला फोन लावा. फोन निवडणूक अधिकाऱ्यानं करायचा, स्पीकर सुरू ठेवून, दोन्ही गटांचा एकेक प्रतिनिधी समोर बसवून. विचारायचं एवढंच: फॉर्म तुम्ही भरला का, आणि वर्गणी कोणी दिली? ‘मी भरलाच नाही’ म्हणणाऱ्याचं नाव वगळा. वर्गणी दुसऱ्यानं भरली असेल, तर तीन दिवसांत स्वतः भरून नवी पावती घ्यायची संधी द्या. फोन लागला नाही म्हणून मात्र नाव कापू नका. गावात रेंज नसते. अशा नावापुढे खूण करा आणि मतदानाच्या वेळी कॉलेजचं ओळखपत्र बघा.

पुढच्या निवडणुकीसाठी नोंदणी मतदानाच्या 21 दिवस आधी बंद करा. कोणतं पावतीपुस्तक कोणाला दिलं, कितव्या क्रमांकापासून कितव्यापर्यंत, हे देतानाच लिहून ठेवा आणि नोंदणी बंद होईल त्याच दिवशी कोऱ्या पावत्यांसकट सगळी पुस्तकं परत घ्या. खरा घोळ त्या कोऱ्या पावत्यांतच असतो: त्यांवर मागची तारीख टाकून नंतर सभासद ‘तयार’ होतात. मग कच्ची यादी पाच दिवस हरकतींसाठी लावा. पक्क्या यादीच्या प्रत्येक पानावर अधिकाऱ्याची आणि दोन्ही गटांच्या प्रतिनिधींची सही घ्या. उमेदवारी अर्ज त्यानंतरच. आधी अर्ज घेतले की हरकतीचं प्रत्येक नाव ‘हे मत कोणाचं?’ असंच मोजलं जातं, आणि तो सभासद आहे की नाही हा प्रश्न बाजूला पडतो.

तारखेचंही बघा. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की अर्धा वर्ग शेतात असतो. मतदान साडेदहा ते अडीच ठेवा, मोजणी लगेच करा. सभा पाचनंतर लांबवली की मुली शेवटच्या एसटीसाठी निघून जातात आणि त्यांच्या माघारी ठराव मंजूर होतात. हा अन्याय इतका नेहमीचा झालाय की कोणी त्याची तक्रारही करत नाही. करायला हवी.

प्रश्न: अध्यक्षपदाला तिघं उभे आहेत. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर? (मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर: दुसऱ्या दिवशी फेरमतदान ठेवलं तर खेड्यावरची पोरं परत येणार नाहीत आणि निकाल तालुक्याच्या गावातलीच ठरवतील. त्यापेक्षा पसंतीक्रमाचं मत घ्या. समजा 96 वैध मतं पडली, म्हणजे बहुमताला 49 हवीत. पहिल्या पसंतीची मतं अशी: अ 41, ब 33, क 22. क बाद. त्याच्या 22 मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघा: 6 अ ला, 13 ब ला, आणि 3 जणांनी दुसरी पसंती लिहिलेलीच नाही. आता अ 47, ब 46. त्या 3 मतपत्रिका संपल्या, उरल्या 93, त्यांचं बहुमत 47. अ निवडून आला. संपलेल्या मतपत्रिकांचा हा नियम मतदानाआधी लिहून ठेवला नाही, तर ब चा गट 49 चाच आग्रह धरेल आणि भांडण तिथेच पेटेल. मतपत्रिकेवर बरोबरची खूण नको, 1, 2, 3 असे आकडेच हवेत. दोन नावांपुढे 1 असेल तर ते मत बाद. विद्यापीठ अधिसभेच्या (सिनेटच्या) पदवीधर गटाच्या 10 जागांनाही पसंतीक्रमानंच मत देतात. तिथली मोजणी याहून किचकट असते, पण आकडे लिहायची सवय इथे लागते.

प्रश्न: अर्ज भरायच्या आधीच ‘भाऊंनी नाव सांगितलं’ म्हणून एकाचे फ्लेक्स लागले. बाकीच्यांवर माघारीचा दबाव आहे. लिंगडोह समितीचे नियम इथे चालतात का? (चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर: सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये लागू केलेले ते नियम कॉलेज आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी निवडणुकांसाठी आहेत, संघटनेच्या अंतर्गत पदांसाठी नाहीत. पण उमेदवाराला 5,000 रुपयांची खर्चमर्यादा आणि छापील पोस्टरला बंदी या दोन गोष्टी ठराव करून घेता येतात; फ्लेक्स तिथेच थांबतो. आधी संघटनेची घटना वाचा. काही संघटनांत पदाधिकारी वरून जाहीर होतात, काहींत अधिवेशनातले प्रतिनिधी निवडतात, काहींत सभासद मत देतात. मतदानाची तरतूद असेल तर निवडणूक अधिकारी दुसऱ्या तालुक्यातला मागा, तोही लेखी. माघार उमेदवारानं स्वतः येऊन, सही करूनच घ्यायची. फोनवरची माघार किंवा मित्राच्या हाती आलेली चिठ्ठी ग्राह्य धरू नका. ‘बिनविरोध’चा दबाव बहुतेक वेळा याच फटीतून शिरतो.

प्रश्न: हरलेला गट शिक्का आणि लेटरहेड देत नाही, समांतर शाखा काढायची भाषा करतो. (अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर: जिल्हा शाखेकडून सात दिवसांची मुदत देणारं पत्र काढा. त्यात शिक्का, लेटरहेड, पावतीपुस्तकं, सभावृत्ताची वही, रोख शिल्लक, बँकेचं पासबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद, सगळं नावानिशी लिहा. सोबत त्या गटाला खजिनदारपद देऊ करा. हिशोब विरोधकाच्या हाती असला की दोघंही जपून वागतात, आणि फुटायचं निमित्तही उरत नाही. मुदतीत शिक्का आला नाही तर नवा करा. जुना रद्द झाल्याचं पत्र, दोन्ही शिक्क्यांच्या ठशांसह, तालुक्यातल्या प्रत्येक प्राचार्यांना, तहसीलदारांना आणि पोलीस ठाण्याला देऊन पोच घ्या. बँकेत मात्र नव्या सह्यांचा ठराव पहिल्याच दिवशी पोचायला हवा, त्यासाठी सात दिवस थांबू नका.