बॉबिन लेससाठी घरातले दोरे चालतील का, आणि पहिलं काम कुठलं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की क्रोशा हातात चांगला बसलाय, बॉबिन लेसचे (उशीवर टाचण्या टोचून, बॉबिन नावाच्या छोट्या दांड्यांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून नेत विणायची लेस) क्लॉथ स्टिच म्हणजे कापडासारखी वीण आणि हाफ स्टिच म्हणजे जाळीदार वीण आता जमायला लागलेत, घरात क्रोशाचे, सहा पदरी भरतकामाचे आणि मशीनचे दोरे पडून आहेत, त्यातले कुठले वापरता येतील आणि पहिलं खरं काम म्हणून रुमालाला चारी बाजूंनी लेस घ्यावी का.

आधी सरळ उत्तर. क्रोशाचा सुती दोरा चालेल, पण मापून. सहा पदरी नको. मशीनचा पॉलिएस्टर तर नकोच. आणि रुमाल जरूर करा, पण तिसरं किंवा चौथं काम म्हणून.

आता कारणं सांगते, कारण क्रोशावरून या कामाकडे येणाऱ्यांची एक सवय इथे आड येते आणि ती कोणी आधी सांगत नाही. क्रोशात आपण आवडला तो दोरा उचलतो, त्याला साजेशी सुई घेतो, दोरा जाड असला तर काम थोडं मोठं होतं, बस. विणता विणता माप आपोआप जुळतं. बॉबिन लेसमध्ये तसं होत नाही, इथे उशीवर नमुना लावला की टाचण्यांची भोकं ठरलेली असतात, दोन भोकांमधलं अंतर काही केल्या बदलत नाही, दोऱ्याला तेवढ्याच जागेत बसायचंय. जाड दोरा घेतला तर क्लॉथ स्टिचचा भाग पुठ्ठ्यासारखा गच्च होतो आणि टाचणी घालायला जागा राहत नाही, बारीक घेतला तर तोच भाग विरविरीत दिसतो आणि टाचण्या काढल्या की लेस हातात लोळागोळा होते. म्हणून दोरा वेगळा आणि नमुना वेगळा निवडायचाच नाही, दोन्ही एकत्र ठरवायचे.

मापायचं कसं ते सांगते, याला फक्त एक पट्टी लागते. पट्टीवर १ सेंटीमीटरची जागा पकडा आणि दोरा शेजारी शेजारी गुंडाळत जा, वेढे एकमेकांना टेकले पाहिजेत पण एकावर एक चढता कामा नयेत, आणि दोरा ताणायचा नाही, ताणला की तो बारीक होतो आणि मोजणी खोटी येते. किती वेढे बसले ते मोजा. मी २ सेंटीमीटरवर मोजते आणि निम्मे करते, चूक कमी होते. आता नमुना घ्या, टॉर्शॉन (चौकटीच्या कागदावर बसणारी साधी, दणकट लेस) असेल तर त्याच्या सरळ किनारीला एकाखाली एक जी भोकं आहेत त्यातल्या लागोपाठच्या दोन भोकांमधलं अंतर बघा. तेवढ्या अंतरात तुमच्या दोऱ्याचे १० ते १२ वेढे बसत असले की दोरा आणि नमुना जुळले. म्हणजे भोकं ५ मिलिमीटरवर असतील तर सेंटीमीटरला २० ते २४ वेढ्यांचा दोरा हवा.

हे का चालतं तेही कळलं की पाठ करावं लागत नाही. टॉर्शॉनमधली क्लॉथ स्टिचची सरळ पट्टी नीट बघा, तेवढ्याच अंतरात उभ्या दोन जोड्या असतात म्हणजे चार दोरे, आणि वर्कर जोडी, म्हणजे आडवी येजा करत विणणारी जोडी, एकदा जाऊन परत येते म्हणजे आडवेही चारच. बाराची जागा आणि दोरे चार, उरलेली जागा मोकळी. ती मोकळी जागा आहे म्हणूनच ती लेस आहे, नाहीतर नुसतं कापड झालं असतं. (हा हिशोब टॉर्शॉनचा आहे हं. बक्स पॉइंट या इंग्लंडमधल्या नाजूक लेसची जाळी वेगळ्या कोनात असते आणि दोरा खूप बारीक लागतो, तिथे हा आकडा लावू नका.)

आणि समजा दोरा आवडलाय पण बसत नाहीये, तर दोरा बदलायच्या आधी नमुना बदला. नमुन्याला २४ वेढ्यांचा दोरा हवाय आणि तुमच्याकडचा १६ चा आहे, तर २४ भागिले १६ म्हणजे दीड, नमुन्याची झेरॉक्स १५० टक्क्यांवर काढा. जोड्या तेवढ्याच राहतात, विणायची पद्धत तीच, फक्त लेस दीडपट रुंद होते. नवीन शिकणाऱ्याला हे उलट फायद्याचंच आहे, जाड दोऱ्यात आणि मोठ्या नमुन्यात कोण कुठून गेलं ते डोळ्यांना स्पष्ट दिसतं.

रिळावरच्या नंबरवर मात्र भरवसा ठेवू नका. साधारणपणे नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, पर्ल कॉटन ८ पेक्षा १२ नंबर बारीक असतो, इथवर ठीक. पण क्रोशाच्या दोऱ्याचा ६०, शिवणाच्या दोऱ्याचा ६० आणि लिननचा ६०/२ हे तीन एकाच जाडीचे नसतात, नुसता आकडा सारखा. लिननवर तिरक्या रेघेनंतर जो २ असतो तो पदरांचा, म्हणजे ६० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेत. आणि टेक्स लिहिलेलं असेल तर गणित उलटंच, हजार मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम ते टेक्स, त्यामुळे तिथे आकडा मोठा म्हणजे दोरा जाड. माझ्या डब्यातल्या प्रत्येक रिळाला मी चिठ्ठी चिकटवलीय, सेंटीमीटरला किती वेढे एवढंच लिहून, आणि खरं सांगते मूळ नंबर मी आता बघतही नाही.

आता तुमचे दोरे एकेक घेऊ. क्रोशाचा सुती दोरा, पक्का पिळलेला, गुळगुळीत, हा शिकायला उत्तम. फक्त घरात पडून असलेला क्रोशाचा दोरा बरेचदा या कामासाठी फार जाड निघतो, तेव्हा आधी वेढे मोजा आणि लागलं तर नमुना वाढवा. पर्ल कॉटन पण छान, त्याला चमक असते आणि नंबर ८ किंवा १२ नवशिक्याच्या हाताला सोपा जातो.

सहा पदरी दोऱ्याला नको म्हणते कारण त्याचे पदर मुद्दाम सुटे होण्यासाठीच ठेवलेले असतात. भरतकामात ते बरं, इथे प्रत्येक दोऱ्याला शेकडो वेळा दुसऱ्या दोऱ्यावरून न्यायचं असतं, टाचण्यांच्या गर्दीतून ओढायचं असतं, एखादा पदर टाचणीच्या डोक्यात अडकतो, मागे राहतो आणि बाकीचे पाच पुढे जातात. मग ती सैल पडलेली फास पुढे कितीही ओढली तरी नीट बसत नाही. हां, लेसमध्ये एखाद्या आकाराभोवती जाडसर रेघ म्हणून गिंप फिरवतात, तिथे हाच दोरा सगळे पदर एकत्र ठेवून छान दिसतो, कारण गिंपला फार येजा करावी लागत नाही. तेव्हा टाकून देऊ नका.

पॉलिएस्टरचं मी स्वतः करून बघितलंय म्हणून ठामपणे सांगते. सुरुवातीला एक बुकमार्क मशीनच्या दोऱ्याने केला होता, विणताना काहीच वाटलं नाही, उलट दोरा तुटत नव्हता म्हणून खूश होते, उशीवर तो एकदम ताठ आणि सरळ दिसत होता. टाचण्या काढल्या आणि बघता बघता दोन्ही कडा आत वळायला लागल्या, जाळीची भोकं चौकोनी होती ती मिटली, इस्त्री केली, पाण्यातून काढून परत टाचला, काही उपयोग झाला नाही. कारण तो दोरा ताणला की लांबतो आणि सोडला की परत येतो, आपण विणताना सारखी ओढ देत असतो, ती सगळी ओढ त्यात साठून राहते आणि टाचण्या निघाल्या की बाहेर येते. नायलॉनचंही तेच. सुती आणि लिनन फारसे ताणत नाहीत, म्हणून ते जिथे ठेवले तिथे राहतात. तरी काम संपल्या संपल्या टाचण्या काढू नका, निदान एक दिवस तसंच उशीवर राहू द्या.

लिननबद्दल विचारलं नाहीत पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जवसाच्या देठातून निघणारा हा धागा, जुनी लेस बहुतेक याचीच. त्याला एक करकरीतपणा असतो, जाळीचं भोक भोकासारखं उभं राहतं, सुती दोऱ्यात ते तितकं येत नाही. पण त्यात मधेमधे जाड गाठोळ्या आणि बारीक कमजोर जागा असतात, कमजोर जागी तुटतो. गुंडाळतानाच दोरा बोटांच्या चिमटीतून सोडत जायचा, अशी जागा लागली की तिथेच कापून टाकायची, विणता विणता मधे तुटण्यापेक्षा ते बरं. हात बसला की एकदा लिननवर काहीतरी करा, मग मला काय म्हणायचंय ते कळेल. रेशीम आणि जरीचा दोरा नंतर बघू. लोकर आत्ता नको, तिची लव एकमेकीत अडकते आणि ओढ नीट बसत नाही.

कुठलाही नवा दोरा घेण्याआधी मी एक करते. हातभर दोरा घेऊन एका टोकाला बॉबिन लटकवते आणि दोरा चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेला जरा फिरवते. लगेच पदर सुटे झाले तर तो दोरा विणताना पण सुटणार, कारण बॉबिन हातात सारख्या फिरत असतात. आणि बॉबिनचं वजनही त्याच वेळी कळतं, बारीक दोऱ्याला जड बॉबिन लावली की तो तुटतो, जाड दोऱ्याला हलकी लावली तर ओढच बसत नाही.

रंग फिका घ्या, पांढरा किंवा बदामी, आणि नमुन्याचा कागद गडद, निळा किंवा हिरवा. काळ्या दोऱ्यात वरून कुठला गेला आणि खालून कुठला ते दिसत नाही. फक्त वर्कर जोडी वेगळ्या रंगाची ठेवा, चूक झाली की तो रंग नको तिथे दिसतो आणि कुठपर्यंत उसवायचं ते लगेच कळतं.

आता कामाचं. पहिलं काम टॉर्शॉनचा बुकमार्क घ्या, १२ ते १४ जोड्यांचा. टॉर्शॉन या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी पुसायचं फडकं, रोजच्या वापराची दणकट लेस ती, आणि सगळा नमुना आलेखाच्या कागदावर ४५ अंशात बसलेला, त्यामुळे पुढची टाचणी कुठे हे शोधावं लागत नाही. बुकमार्कला कोपरा नसतो, सुरुवात आणि शेवट जोडायचे नसतात, शेवटी दोऱ्यांचं गोंड्यासारखं बांधून टाकलं की झालं. नमुना निवडताना त्यात क्लॉथ स्टिचचा चौकोन, हाफ स्टिचचा चौकोन, साधी जाळी आणि एखादा स्पायडर (कोळ्यासारखी दिसणारी नक्षी) एवढंच बघा. पानाच्या आकाराची टॅली असेल तर तो नमुना बाजूला ठेवा, त्यात एकच दोरा बाकीच्या तिघांतून फिरतो आणि जरा ओढ चुकली की पानाची दोरी होते. आणि तोच बुकमार्क लगेच दुसऱ्यांदा करा, नवीन नमुना न घेता. दुसऱ्या खेपेला डोळे कागदावर कमी आणि दोऱ्यावर जास्त असतात, हात खरा तेव्हा तयार होतो.

दोरा किती गुंडाळायचा यात सगळ्यांची फसगत होते, सगळ्या बॉबिनवर सारखाच गुंडाळतात आणि वर्कर आधी संपते. हिशोब करून बघा, १ सेंटीमीटर रुंद पट्टी आहे आणि कडेच्या टाचण्या अडीच मिलिमीटरवर आहेत, तर १ सेंटीमीटर लांबी विणायला वर्कर चार वेळा जाते आणि चार वेळा येते, म्हणजे ८ सेंटीमीटर दोरा. २० सेंटीमीटरच्या पट्टीला १६० झाला, धरायला आणि चुकीला धरून प्रत्येक वर्कर बॉबिनवर २ मीटर तरी हवाच. उभ्या जोड्यांना मात्र लांबीपेक्षा थोडा जास्त पुरतो. चौकोनांच्या नमुन्यात दर चौकोनाला वर्कर बदलते म्हणून तिथे एवढा फरक पडत नाही. संपलाच तर गाठ मारू नका, क्लॉथ स्टिचच्या भागात नवा दोरा जुन्याच्या जोडीने धरून थोडं विणा आणि टोकं नंतर कापा.

दुसरं काम तुमच्यासाठी मी मुद्दाम वेगळं सुचवते, टेप लेस. स्लोव्हेनियातल्या इद्रियाला तिची शाळा १८७६ पासून आहे, रशियात वोलोग्दाची प्रसिद्ध आहे. मोजक्याच जोड्यांची एक अरुंद पट्टी विणत विणत वळवत न्यायची आणि ती जिथे स्वतःच्याच शेजारून जाते तिथे बारीक क्रोशाने कडेच्या फासातून दोरा ओढून जोडायची. क्रोशा न येणाऱ्यांना हेच जड जातं, तुमचा हात तिथे तयार आहे. एखादं पान किंवा मासा करून बघा.

मग रुमाल. आधी हातभर सरळ किनार करा, कोपऱ्याशिवाय, नंतरच चार कोपऱ्यांची घ्या. सुरुवात कोपऱ्यात करू नका, बाजूला कुठेतरी तिरक्या रेघेवर करा, म्हणजे शेवटी जोड त्या रेघेत लपतो. आणि कापड आधी कापून ठेवू नका, भोकं ठरलेली असतात त्यामुळे लेस तिच्याच मापाची होणार, ती पूर्ण होऊन टाचण्या निघाल्या की कापडावर पसरा, आतली कड मापा आणि मगच कात्री लावा.