जनगणनेचे तालुकानिहाय आकडे नकाशाला नीट का जोडले जात नाहीत?

आपण 2011 च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा डाउनलोड करून महाराष्ट्राचा तालुकानिहाय साक्षरतेचा नकाशा करत आहात. मात्र क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्त्याची नकाशाशी जोडणी केल्यावर अनेक तालुके रिकामे राहतात आणि जे भरले जातात त्यांचे आकडेही संशयास्पद वाटतात, असे आपण लिहिले आहे. नकाशाला हात लावण्यापूर्वी उतरवलेला तक्ता तपासावा, कारण या अडचणी बहुतेक वेळा तिथेच निर्माण होतात.

जोडणी तालुक्याच्या नावावरून करत असाल, तर ती सोडून द्यावी. खेड पुणे जिल्ह्यात आहे तसा रत्नागिरीतही आहे, कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. शिवाय जनगणनेच्या तक्त्यांतील रोमन लिपीतील नावे आज रूढ असलेल्या स्पेलिंगशी अनेकदा जुळत नाहीत. भरवशाचा आधार एकच, तो म्हणजे जनगणनेचा कोड. राज्याचा कोड दोन अंकी (महाराष्ट्राचा 27), जिल्ह्याचा तीन अंकी आणि तालुक्याचा पाच अंकी असतो. त्या वेळी देशभरात 5,924 उपजिल्हे (जनगणनेत तालुक्यांना हेच नाव आहे) असल्यामुळे तालुक्याच्या प्रत्येक कोडची सुरुवात शून्याने होते, आणि सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून जतन केली तरी ते शून्य नाहीसे होते. म्हणून फाइल आयात करतानाच कोडचे सर्व स्तंभ 'टेक्स्ट' म्हणून घ्यावेत आणि क्यूजीआयएसमध्येही स्तंभांचा प्रकार आपोआप ठरवू देऊ नये.

आकड्यांचा घोळ बहुधा वेगळ्या कारणाने होत असावा. या तक्त्यात राज्य, जिल्हा आणि तालुका अशा सर्व पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात आणि त्यांतही एकूण, ग्रामीण व नागरी अशा स्वतंत्र ओळी येतात. त्यामुळे एकाच कोडच्या अनेक ओळी तयार होतात आणि जोडणीत नेमकी कोणती उचलली जाईल याची खात्री राहत नाही. केवळ तालुका पातळीच्या 'एकूण' ओळी वेगळ्या काढून मगच जोडणी करावी.

साक्षरतेचा दर काढताना मात्र विशेष काळजी घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. जनगणनेत साक्षरता सात वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचीच मोजली जाते. त्यामुळे साक्षरांच्या संख्येला एकूण लोकसंख्येने नव्हे, तर तिच्यातून शून्य ते सहा वयोगट वजा करून उरलेल्या संख्येने भागावे लागते. महाराष्ट्राच्या ओळीवर हे सूत्र लावून पाहावे: उत्तर 82.34 टक्के आले तर सूत्र बरोबर आहे, आणि 72.6 च्या आसपास आले तर लहान मुले छेदात राहून गेली आहेत.

सीमांची फाइलही 2011 च्या रचनेचीच घ्यावी. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्या भागातील तालुके जनगणनेच्या तक्त्यात ठाणे जिल्ह्याखालीच सापडतील. अलीकडच्या काही सीमा-फाइलींत जनगणनेच्या कोडऐवजी स्थानिक शासन निर्देशिकेचे (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या सरकारी सूचीचे) कोड असतात. दोन्ही निराळे आहेत, आणि आपली फाइल तशी असेल तर त्या निर्देशिकेतूनच जनगणनेचे कोड घेऊन ते आधी नव्या स्तंभात भरून घ्यावेत.